'पोस्टमास्तर': गटवाचनात रतनची बाजू कशी मांडावी?

शाईदौत

रवींद्रनाथांची 'पोस्टमास्तर' ही गोष्ट पुढच्या महिन्यात वाचनगटात घ्यायची आहे. (कलकत्त्याचा एक तरुण खेड्यात पोस्टमास्तर म्हणून येतो, रतन ही बारा-तेरा वर्षांची अनाथ मुलगी त्याची कामं करते, आणि तो नोकरी सोडून जातो तेव्हा ती मागे राहते.) वीसेक माणसं, दीड तास. निम्म्या जणांनी गोष्ट आधी वाचलेली नसेल असं धरून चाललोय.

या गोष्टीवरची चर्चा बहुतेक दोन खड्ड्यांत जाते. एक, 'शहरी बाबू, पोरीकडून करून घेतलं आणि निघून गेला'. एवढं म्हटलं की पुढे बोलायला काही उरत नाही. दुसरा, 'हे प्रेम की वात्सल्य की आणखी काही'. यात अर्धा तास जातो आणि हाती काही लागत नाही. मला दाखवायचंय ते निराळं आहे. दोघंही एकटे, दोघांनाही सोबत हवी, आणि तरी ताटातूट झाल्यावर एकाचं थोडंसं जातं, दुसरीचं सगळंच. हे मजकुरातून कसं दाखवायचं? कुठे कुठे थांबायचं? सत्यजित राय यांचा चित्रपट दाखवावा का? आणि शेवटचा परिच्छेद वाचावा की गाळावा, यावरही मतं हवी आहेत.

पानगळ

सगळ्यात सोपी युक्ती: हाका मोजायला लावा.

पोस्टमास्तर रतनला निदान सहा प्रसंगी हाक मारतो. संध्याकाळी दिवा लावल्यावरची रोजची हाक, ती पेरूच्या झाडाखाली बसलेली असताना दुपारी मारलेली, आजारपणात खाटेवरून, बरा झाल्यावर आठवडाभराने, निघायच्या दिवशी अंघोळीनंतर आणि शेवटी पैसे देताना. रतनने त्याला हाक मारून बोलावलं असा एकही प्रसंग नाही. तिची जागा दाराबाहेर. आपण होऊन ती आत जाते ती एकदाच, आजारपणाच्या दिवशी, कारण रोजच्या वेळेला हाक आलेली नसते. तेव्हाही तो झोपलाय असं समजून ती पावलं न वाजवता परत फिरायला लागते.

आता तिने 'ओ' कशी दिली तेही त्याच कागदावर शेजारी लिहा. गोष्टीच्या सुरुवातीला ती हाकेची वाट बघत बसलेली असते, पण पहिल्या हाकेला आत जात नाही. 'काय हो बाबू, कशाला बोलावताय?' असं बाहेरूनच विचारते, चूल पेटवायची आहे म्हणते. पेरूच्या दुपारी धापा टाकत येते. आजारपणानंतरच्या हाकेला भरल्या मनाने आत शिरते. अंघोळीनंतरच्या हाकेला नुसती येऊन उभी राहते आणि हुकमाची वाट बघत धन्याच्या तोंडाकडे पाहते. सुरुवातीला तिच्याकडे जो थोडा तोरा होता तो माया वाढेल तसा संपत गेला. त्याच्या हाकेत असा काहीच फरक पडत नाही. हे एवढं फळ्यावर आलं की 'असमान जिव्हाळा' असले शब्द तुम्हाला वापरावे लागत नाहीत, लोक आपले आपण तिथे पोचतात.

थांबायच्या जागा मी तीनच घेईन.

पहिली, घरच्यांच्या गप्पांची. तो आई, ताई, धाकटा भाऊ यांच्याबद्दल बोलतो. निळीच्या कोठीवरच्या, म्हणजे नीळ तयार करायच्या कारखान्यातल्या, गुमास्त्यांपाशी जे बोलता येत नाही ते या अडाणी पोरीपाशी सहज बोलून जातो. परिणाम काय होतो ते बघा. तो बोलून मोकळा होतो आणि रतन त्या माणसांना आई, ताई, दादा म्हणायला लागते, न पाहिलेले त्यांचे चेहरे मनात रंगवते. तिच्याकडे स्वतःचं म्हणून काय आहे? बापाची थोडी आठवण, आणि पावसाळ्यात डबक्याच्या काठी मोडक्या फांदीचा गळ करून धाकट्या भावाबरोबर मासे पकडायचा खेळ. तेवढ्या पुंजीवर तिने त्याचं अख्खं घर आपलं करून घेतलं. म्हणून पुढे 'मला तुमच्या घरी न्याल?' हे ती विचारते ते आगाऊपणाने नव्हे. तिच्या हिशेबी ती त्या घरातलीच आहे.

दुसरी जागा पेरूची दुपार. इथे बहुतेक जण चुकतात. तो तिला शिकवायला घेतो म्हणून तो प्रेमळ, असं म्हणून पुढे जातात. मजकूर नीट वाचा. पाऊस उघडलाय, हवा ऊबदार आहे, एक पक्षी सारखं काहीतरी म्हणतोय, आणि याला वाटतंय की या वेळी जवळ आपलं असं कुणी माणूस असतं तर! त्या 'कुणी'त रतन नाही. हाक मात्र तिलाच जाते, कारण हाकेच्या अंतरावर तीच आहे. शिकवणी सुरू होते ती त्याच्या रिकाम्या दुपारीवरचा उपाय म्हणून. तिच्याकडे तीच शिकवणी जोडाक्षरांपर्यंत जाते.

तिसरी जागा आजारपणाची, आणि गोष्टीचा कणा इथेच आहे. तापलेल्या माणसाला बांगड्या भरलेल्या मऊ हातांची आठवण येते, आई आणि बहीण उशाशी असाव्यात असं वाटतं. ती इच्छा अपुरी राहत नाही. रतन वैद्याला बोलावते, वेळच्या वेळी गोळ्या देते, रात्रभर उशाशी जागते, पथ्याचं रांधते. लेखक म्हणतो की त्या क्षणापासून ती पोर राहिली नाही, आईच्या जागी बसली. उठून बसल्यावर पोस्टमास्तर पहिला विचार करतो तो बदलीचा. घटना एक आणि निष्कर्ष दोन. आजारपण हे त्याला जाण्याचं कारण झालं आणि तिला कायमचं जवळ येण्याचं.

त्यापुढचा आठवडा अगदी हळू वाचा. ती बाहेर बसून जुना धडा पुन्हा पुन्हा घोकते, अचानक हाक आली आणि जोडाक्षरांत गोंधळ झाला तर, या भीतीने. तो आत अर्जाच्या उत्तराची वाट बघतोय. दोघंही वाटच बघताहेत, मध्ये फक्त दार आहे.

मोडीवाचक

पानगळ यांनी मजकूर घेतलाच आहे, म्हणून मी काळाचं सांगतो. सुरुवातीला पाच मिनिटांत एवढं दिलंत तर 'निर्दयी' हा शिक्का उशिरा बसेल.

गोष्ट १८९१ सालची, बंगाली सन १२९८. 'हितवादी' या साप्ताहिकात आली. (हरिभाऊ आपट्यांचं 'करमणूक' १८९० चं. दोन्ही भाषांत लघुकथेला साप्ताहिकाचाच आधार मिळाला, हे गटाला सांगायला हरकत नाही.) रवींद्रनाथ तेव्हा घरची जमीनदारी बघायला पूर्व बंगालात असत. शाहजादपूरच्या त्यांच्या कोठीच्या इमारतीत टपाल कचेरी होती आणि तिथल्या पोस्टमास्तरांशी त्यांची रोजची गाठ पडे. पुतणी इंदिरादेवीला जून १८९२ मध्ये लिहिलेल्या पत्रात ते सांगतात की ही गोष्ट याच माडीवर एका दुपारी लिहिली, आणि छापून आल्यावर पोस्टमास्तरबाबू लाजत हसत तिच्याबद्दल बोलले. हे शाहजादपूर आज बांगलादेशात, सिराजगंज जिल्ह्यात आहे. गोष्टीतलं गाव उलापूर.

उलापूरला टपाल कचेरी झाली ती गावासाठी नव्हे. जवळच्या निळीच्या कोठीवरच्या साहेबाने खटपट करून आणवली. म्हणजे पोस्टमास्तर गावात आहे पण गावाचा नाही. कोठीवरच्यांना सवड नाही, आणि त्यांच्यात बसण्याउठण्याची याची तयारी नाही. पहिलीच नोकरी, पगार किरकोळ, अंधाऱ्या छपरात कचेरी, शेजारी शेवाळलेलं तळं आणि भोवती रान. स्वयंपाक स्वतःच करायचा. पोस्टमास्तर म्हणजे सरकारी माणूस खरा, पण कलकत्त्याच्या घरात त्याचं वजन किती असेल याचा अंदाज तुमच्या गटाला सहज येईल.

आता 'तिला का नेलं नाही'. गोष्टीत कारणं दिलेली नाहीत. ती त्या पोरीला समजावून सांगण्याची त्याला गरज वाटली नाही, एवढंच वाक्य आहे. म्हणून हे काम गटाला द्या: कारणं तुम्ही लिहा. रतन बारा-तेरा वर्षांची, अनाथ, लग्न व्हायची फारशी आशा नाही. त्या वयाची परकी मुलगी एका तरुणाने घरी आणायची म्हणजे ती कोण म्हणून आणायची? मोलकरीण म्हणून आणली तर तिला जे हवंय ते मिळत नाही. दुसरं कुठलं नातं उपलब्ध नाही. शिवाय बदली नामंजूर झाल्यावर तो नोकरी सोडून चाललाय, स्वतःच घरच्यांच्या आधारावर जाणार आहे. हे सगळं खरं असूनही तो जे करतो ते म्हणजे हसतो आणि 'ते कसं जमेल?' म्हणतो. न नेणं समजून घेता येतं. पण रतनच्या कानात रात्रभर घुमतं ते हसणं. चर्चा या दोन गोष्टींमधल्या अंतरावर ठेवा.

जाता जाता: संमतिवयाचा कायदा मार्च १८९१ चा. मुलींचं संमतिवय दहावरून बारावर गेलं. टिळक, आगरकर, मलबारी ही नावं आपल्याकडे त्या वादामुळे सगळ्यांना माहीत आहेत, आणि कलकत्त्यातही तेवढंच रण माजलं होतं. गोष्टीत त्याचा उल्लेख नाही, पण बारा-तेरा हा आकडा त्या वर्षीच्या वाचकाच्या डोळ्यांत सहज भरला असणार. एवढ्यावरच सोडा. लांबवलंत तर दीड तास कायद्यात जाईल.

उंबरठा

वरच्या दोघांशी बराच सहमत आहे, पण पोस्टमास्तरला फार स्वस्तात सोडताय असं वाटतं. एक गोष्ट कुणीच बोललं नाही. टपाल कचेरीत घडणाऱ्या या गोष्टीत टपाल किती आहे? पात्रांपैकी कुणी लिहिलेलं असं एकच: त्याचा बदलीचा अर्ज. त्याला आलेलं असं एकच: नकार. पोरगी जोडाक्षरं वाचते, पोस्टकार्ड १८७९ पासून पाव आण्याला, म्हणजे एका पैशाला मिळतं, आणि तो स्वतः टपाल खात्यातला. 'पत्र पाठवीन, वाचत जा' हे तिला नेण्याइतकं अशक्य नव्हतं. त्याला ते सुचत नाही. तिला विचारायला जमत नाही. माझ्या मते दोघांतली तफावत दाखवणारी गोष्टीतली सगळ्यात बोचरी जागा ही, आणि ती लिहिलेली नसल्यामुळे सहज निसटते.

निघताना तो दोन गोष्टी देऊ करतो त्याही बघा. आधी म्हणतो, माझ्या जागी येणाऱ्याला सांगून ठेवतो, तो माझ्यासारखंच तुला बघेल. लेखक स्पष्ट म्हणतो की हे शब्द मायेतूनच आले. पण त्या दिवशी तो चार्ज देतोय. रोकड, तिकिटं, शिक्के नव्या माणसाच्या हवाली करायचे, आणि त्याच यादीत रतन. आजवर त्याचं रागावणं मुकाट सोसलेली मुलगी या मऊ बोलण्यावर हंबरडा फोडते, 'नको, कुणाला काही सांगू नका, मला राहायचंच नाही'. माणूस बदलून चालेल असं त्याला वाटलं, हे तिला कळलं. मग तो वाटखर्चापुरते ठेवून पगाराचे सगळे पैसे काढतो. इथे त्याला कंजूस म्हणता येत नाही, त्याच्या ऐपतीच्या मानाने रक्कम मोठी आहे. फक्त ती घेतली तर हिशेब मिटतो, आणि तिला तो मिटवायचा नाही. ती पाय धरते आणि पळून जाते.

शाईदौत

पोस्टकार्डाचा मुद्दा भारी आहे, घेणारच. त्याच्या बाजूने मोठ्याने वाचताना कुठला सूर ठेवावा? आणि चित्रपटाचं कुणी सांगेल का?

तिसरी_घंटा

वाचनाचं आधी. पहिल्या पानापासून रडका सूर लावलात की गोष्ट गेली. सुरुवातीचा निवेदक पोस्टमास्तरची चक्क थट्टा करतोय. हा गडी कविता करतो, पानांची थरथर आणि आकाशातले ढग बघत आयुष्य सुखात जातं असं लिहितो, आणि मनातून त्याला हवं असतं की अरबी गोष्टींतल्या राक्षसाने येऊन एका रात्रीत ही झाडं तोडावी, पक्का रस्ता करावा आणि ओळीने इमारती उभ्या करून ढग दिसेनासे करावेत. इथे लोक हसले पाहिजेत. हसले तर तो त्यांना आवडतो, आणि आवडला तरच पुढचं लागतं. रतनचे संवाद 'करून' दाखवू नका, लहान मुलीचा आवाज तर अजिबात नको. पाय धरण्याच्या प्रसंगात तीच विनवणी पुन्हा पुन्हा येते, ती सपाट वाचा. अख्खी गोष्ट वीस-पंचवीस मिनिटांत होते. वाचणारे दोन ठेवा, आजारपणापाशी बदला.

चित्रपट: 'तीन कन्या', १९६१, रवींद्र जन्मशताब्दीचं वर्ष. त्यातला पहिला भाग 'पोस्टमास्तर'. अनिल चॅटर्जी आणि चंदना बॅनर्जी. संगीत पहिल्यांदाच राय यांचं स्वतःचं. आधी दाखवू नका, हे ठामपणे सांगतो. कारण बदल नेमके तुमच्या विषयावर झालेले आहेत. पोस्टमास्तरला नाव मिळालं, नंदलाल. गावात एक वेडा आला. आजाराचा मलेरिया झाला. आणि शेवट उलटवला: रतन पाय धरत नाही. ती पाण्याची बादली घेऊन त्याच्या समोरून जाते, थांबत नाही, आणि आत जाऊन नव्या पोस्टमास्तरला पाणी आणल्याचं सांगते. पैसे त्याच्या हातात तसेच राहतात. नावेचा प्रवासही नाही, त्यामुळे नावेत बसून तो स्वतःची जी समजूत घालतो तीही नाही.

हे पाहून आलेल्या माणसाला मूळ गोष्टीतलं लोळण घेणं नाटकी वाटायला लागतं. 'चित्रपटातली रतन स्वाभिमानी, गोष्टीतली लाचार' अशी तुलना सुरू होते, आणि तीही एक भोवराच आहे. गोष्टीतली रतनही पैसे घेत नाहीच. चित्रपटातली मुलगी दुःख लपवू शकते, गोष्टीतलीला अजून ते येत नाही, एवढाच फरक मी मानतो. शेवटची पाच-सात मिनिटं चर्चेनंतर दाखवा. पूर्ण भाग तुमच्या दीड तासात बसणार नाही.

पानगळ

शेवटच्या परिच्छेदाबद्दल. गाळू नका, पण तोडून वाचा.

पावसाने फुगलेल्या नदीत नाव सुटते. त्याच्या मनात खरोखर कळ उठते, परत जाऊन तिला घेऊन यावं असं एकदा तीव्रपणे वाटतं. पण तोवर शिडात वारा भरलाय, गाव मागे पडलंय, काठावरचं स्मशान दिसू लागलंय. तेव्हा त्याच्या मनात तत्त्वज्ञान उगवतं: आयुष्यात अशी किती ताटातूट, किती मृत्यू, परत फिरून काय उपयोग, जगात कोण कुणाचं! आणि लगेच पुढे लेखक सांगतो की रतनच्या मनात असं कुठलंही तत्त्व उगवलं नाही. ती त्या कचेरीभोवती रडत फिरत राहिली, दादाबाबू (ती पोस्टमास्तरला हेच म्हणते) परत येतील अशी बारीक आशा धरून.

इथे वाचन थांबवा. पुस्तक मिटा आणि विचारा की सांत्वन कुणाच्या वाट्याला आलं? शिडातल्या वाऱ्यावर कुणी बोट ठेवलं तर उत्तम. वारा परतीचा असता तर हेच तत्त्व सुचलं असतं का, एवढं विचारून गप्प बसा.

मग उरलेल्या ओळी वाचा, जिथे निवेदक एकूण मानवी हृदयाच्या वेडेपणावर बोलतो: भ्रम सुटत नाही, खोटी आशा दोन्ही हातांनी कवटाळली जाते, आणि ती आशा शिरा तोडून पळाली की मन दुसऱ्या फासात पडायला धावतं.

उंबरठा

त्या ओळी मला गोष्टीवर ओझं वाटतात. पोस्टमास्तरने नावेत जे केलं तेच निवेदक इथे करतो. एका मुलीचं रडणं उचलून 'मानवी हृदय' करून टाकतो. आत्ताच तर दाखवलंत की तत्त्वज्ञान ही जाणाऱ्याची सोय आहे!

पानगळ

तो आक्षेप गटात जसाच्या तसा मांडा. माझं वाचन वेगळं आहे. नावेतलं तत्त्व माणसाला परत फिरण्यापासून सोडवतं, शेवटच्या ओळी कुणालाच सोडवत नाहीत. निवेदक त्या फासात स्वतःलाही धरतो. पण सुरात उपदेश आहे हे मान्य, आणि १८९१ च्या साप्ताहिकात गोष्टीने असं बोलून संपणं रूढ होतं ही सबब मला पुरेशी वाटत नाही.

मोडीवाचक

वेळेची विभागणी, मला जमेलशी वाटते ती: काळाची माहिती ५ मिनिटं, वाचन २५ (शेवटच्या ओळी वगळून), हाकांचा तक्ता १५, 'न नेण्याची कारणं' चार-चार जणांच्या गटात १०, त्यावर बोलणं १५, शेवटच्या ओळी आणि उंबरठा यांचा आक्षेप १०, चित्रपटाचा तुकडा आणि त्यावर १०. तक्ता कधीच वेळेत संपत नाही, कारण लोक सहा हाकांवरून भांडतात. संध्याकाळची हाक रोजची असल्याने ती एक धरायची की अनेक, यावर तर हमखास. भांडू द्या, त्यासाठी लोक पुन्हा मजकुरात जातात. वेळ कापावी लागली तर गटातलं काम कापा.

तिसरी_घंटा

चित्रपटाची प्रत घेताना बघून घ्या. परदेशात तो बराच काळ 'टू डॉटर्स' नावाने, मधला 'मणिहारा' भाग वगळून दाखवला गेला. 'पोस्टमास्तर' दोन्हींत पहिलाच आहे, त्यामुळे तुमचं काम अडणार नाही, फक्त शेवटचा तुकडा शोधताना अख्ख्या फिल्मच्या शेवटाकडे जाऊ नका. तिथे 'समाप्ती' आहे.